बेशरमाचं कुंपण

परवा माझ्या नातीनं बेशरमाची एक डहाळी आणून जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासात ठेवली. आम्ही आता नागपूरजवळ बेसाला राहतो, चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीच्या मागे जो रिकामा प्लॉट आहे, त्यातल्या डबक्याभोवती हे झाड माजलेलं आहे. फिकट जांभळट-गुलाबी, कर्ण्यासारखी उघडलेली फुलं. "आजी, बघ ना किती सुंदर! आणि इतकी फुलं असून कोणी तोडतच नाही," ती म्हणाली. फोनला फूल दाखवून तिनं त्याचं लांबलचक परदेशी नावही मला वाचून दाखवलं. मी सगळं ऐकून घेतलं, उठले, डहाळी ग्लासासकट उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "आई, ग्लास तरी धुतला असता," सून म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण त्या ग्लासातून पुन्हा कोणी पाणी पिताना मला पाहवलं नसतं. नात रुसली, संध्याकाळपर्यंत बोलली नाही. तिला काय सांगणार? तिच्या आजोबांनाही मी हे कधी सांगितलं नव्हतं, आणि आता ते ऐकायला नाहीत. म्हणून लिहून काढते आहे.

आमचं घर तेव्हा नागपूरच्या अगदी कडेला, नाल्याच्या काठावर होतं. आता तो नाला स्लॅबखाली गेला आहे आणि वर मोबाइलची दुकानं आहेत. दोन खोल्या, वर कवेलूचं छप्पर, मागे न्हाणी आणि सभोवती आईनं लावलेलं बेशरमाचं कुंपण. "लावलेलं" म्हणणंही जास्तच झालं. पावसाळ्याच्या तोंडाशी आई नाल्यातून त्याच्या काठ्या तोडून आणायची, विळ्यानं हात-हातभराचे तुकडे करायची आणि ओल्या मातीत वीतभर अंतरावर तिरपे खुपसत जायची. आळं नाही, खत नाही, काही नाही. आठ दिवसांत डोळे फुटायचे, महिन्यात झाड कमरेला लागायचं, दिवाळीपर्यंत डोक्यावर जायचं. तोडून फेकलेली काडीसुद्धा जिथं पडेल तिथं मूळ धरायची. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगणातली तुळस दोन्ही वेळा पाणी घालूनही मान टाकायची आणि हे मात्र हिरवंगार. मी लहान असताना एकदा लोटीतलं उरलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतायला गेले, तर शेजारच्या रुखमाकाकू कुंपणापलीकडून ओरडल्या, "ये पोट्टे! येले कोणी पाणी घालते का वं? पाणी घालाच्या लायकीचं झाड हाय का थे?"

मला ते झाड कधीच आवडलं नाही. पान तोडलं की पांढरा चीक यायचा, बोटं एकमेकांना चिकटायची, आणि फ्रॉकवर थेंब पडला की त्याचा काळा डाग व्हायचा, तो फ्रॉकचं पायपुसणं होईपर्यंत जायचा नाही. देठांवर मुंगळ्यांची रांग, पानांच्या मागे केसाळ अळ्या. पण ही सगळी घाण झाडाची स्वतःची. तिच्यावर माणसांनी घातलेली भर वेगळीच होती. बेशरम दाट असतं, उंच असतं आणि त्याला काटे नसतात, त्यामुळे सबंध वस्ती सकाळी डबे घेऊन त्याच्या आड बसायची. आधी बायका, मग पुरुष, मग पोरंटोरं. आमचं जे कुंपण होतं ते दुसऱ्या बाजूनं त्यांचा आडोसा होता. रस्त्याच्या बाजूला वाढलेल्या फांद्या दर रविवारी छाटायचं काम माझ्याकडे होतं. एका हातात विळा, एका हातानं नाक दाबलेलं, आणि पाय कुठं पडतो याकडे डोळे. त्या दिवसांपासून मला तोंडानं श्वास घ्यायची सवय लागली ती लागलीच. डॉक्टर म्हणतात नाकाचं हाड वाकडं आहे. असेल.

फुकट मिळतं म्हणून त्याचे उपयोगही वस्तीनं शंभर काढले होते. त्याच्या पोकळ काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून आमच्या न्हाणीची भिंत केली होती. सुकलेल्या काठ्या चुलीत जायच्या आणि असा धूर करायच्या की भाकरीलाही त्याची कडवट चव यायची. पाय मुरगळला की पानाला एरंडेल लावून, तव्यावर गरम करून बांधायचं. डास झाले की पाला जाळायचा. जनावर मात्र त्याला तोंड लावत नाही, म्हणून तर कुंपणाला बरं. पण एका उन्हाळ्यात रुखमाकाकूंच्या एका बकरीला दुसरं काही हिरवं मिळेना आणि तिनं बेशरम खायला सुरुवात केली. एकदा चव लागल्यावर ती पुढं कडुलिंबाचा पाला टाकला तरी बघेना, दोरी ताणून आमच्या कुंपणाकडेच यायची. महिनाभरात तिची मान थरथरायला लागली, मग पाय. उभी राहिली की घसरून पडायची आणि पडल्या पडल्या तोंड मात्र पानाकडेच. ती मेली त्या दिवशी मी जेवले नाही. काकू रडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "लत लागली तिले." काकू उमरेडकडच्या एका खेड्यातून आलेल्या, नवरा नव्हता, इतवारीत धान्याच्या दुकानावर निवडण-पाखडण करायला जायच्या. संध्याकाळी परत येताना पदरात मूठभर तुरीचे दाणे असायचे, ते माझ्या आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या, छोटीच्या, हातावर ठेवायच्या.

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या नळाला घाण पाणी यायला लागलं. पाइप नाल्यातूनच गेलेला, कुठंतरी फुटला असणार. पाणी यायच्या आधी नळ खूप वेळ फुसफुसायचा, मग दोन-तीन वेळा खोकल्यासारखा आवाज करायचा, आणि मग जे यायचं त्याचा वास आधी यायचा. पिवळट, वर तवंग. आई बाबांच्या जुन्या धोतराचा चौपदरी तुकडा हंड्याच्या तोंडावर बांधून पाणी गाळायची. गाळून झाल्यावर फडकं उलटं केलं की त्यावर लाल, बारीक, दोऱ्याएवढे किडे वळवळत असायचे. मी ते मोजायचे, का मोजायचे कोणास ठाऊक. मग तुरटी फिरवायची, उकळायचं, थंड करायचं, आणि इतकं करूनही त्या पाण्यात शिजलेल्या वरणाला वास यायचा. आई फोडणीत लसूण जास्त घालायची, आंबाडीची भाजी करायची, झुणक्यात मुठीनं सांबार घालायची (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात), पण घास तोंडात गेला की लसणाच्या आणि सांबाराच्या मागून तो नाला येतोच. आजही बाहेर कुठं लसणाचा भपकारा असलेलं वरण आलं की मी आधी वास घेते. मुलगा चिडतो.

मग छोटीला कावीळ झाली. सहा वर्षांची पोर, डोळे हळदीसारखे, पोट टम्म. आई तिला उसाचा रस पाजायची, मुरमुरे नि फुटाणे भरवायची, आणि ती सगळं उलटून टाकायची. उलटी भरायचं काम माझं. मला किळस यायची आणि आपल्याच बहिणीची किळस येते म्हणून माझीच मला लाज वाटायची. बाबा संध्याकाळी येऊन तिच्या पायाशी बसायचे आणि त्यांच्या साहेबाला शिव्या द्यायचे. बाबा पाणी खात्यात कारकून होते, म्हणजे ज्या टेबलावर आमच्या गल्लीची तक्रार जाऊन पडायची ते टेबल बाबांचंच. "तीन वेळा फाइल पुढं केली," ते म्हणायचे, "तीनदा त्यानं खाली दाबली. या माणसाले एकदा हे पाणी पाजाले पाह्यजे. एक ग्लास! मग पाहा कसा पाइप बदलत नाही तो." ते असं बोलायला लागले की मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. रोज पांढरा शर्ट घालून जाणारे, हळू बोलणारे बाबा आमच्यासाठी तिथं लढत आहेत असं मला वाटायचं.

गल्लीत वामनभाऊंचं सायकलचं दुकान होतं. मोठ्या आवाजाचा, चांगला माणूस. कोणाचं काही अडलं की पुढं व्हायचा. एका संध्याकाळी ते आमच्या अंगणात आले आणि बाबांना म्हणाले, "बाबूजी, आता बम झालं. मोर्चा नेतो. बेशरमाचा हार घालतो त्याच्या गळ्यात, पेपरवाल्याले बलावतो." आमच्याकडे विदर्भात ही रीतच आहे. ज्या अधिकाऱ्याला काम करायचं नसतं त्याला बायाबापडे मोर्चानं जाऊन बेशरमाच्या फुलांचा हार घालतात. तोंडातून शिवी काढावी लागत नाही, पोलिसांनाही काही करता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला की साहेब लोकांना बायकोसमोर उभं राहणं जड जातं. बाबांनी इकडं तिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी अकराले या. अकराले साहेब जागेवर असते. बाराच्या नंतर सापडत नाही." वामनभाऊंनी त्यांचा हात दाबला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हार तुह्याकडं वं सुमे. सर्व्यात जबर कुंपण तुमचंच आहे."

चौदा वर्षांची होते मी. इतकं महत्त्वाचं काम मला कोणी कधी दिलं नव्हतं. बेशरमाचा हार करणं मात्र सोपं नाही. फूल पातळ, सुई घातली की फाटतं, आणि सकाळी उमललेलं फूल दुपारपर्यंत मलूल होऊन लोंबायला लागतं. लोक आपले पाला नि फांद्या सुतळीला गुंडाळून नेतात, तो हार वाटतच नाही. मला तो हार वाटायला हवा होता. रविवारी संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशी उमलतील अशा फुगलेल्या कळ्यांच्या डहाळ्या निवडून तोडल्या, वीत-वीतभराच्या, प्रत्येकीला दोन पानं. बादलीत उभ्या करून ठेवल्या. सकाळी सगळ्या उमललेल्या. मग आई दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायची तशी दुहेरी गाठ मारत एकेक डहाळी सुतळीवर बसवली, आणि तुटलेल्या टोकाला ओल्या चिंधीची पट्टी गुंडाळली, म्हणजे चीकही गळत नाही आणि फूलही टिकतं. चिंध्या आईच्या हिरव्या लुगड्याच्या होत्या, लाल काठाच्या. हाताची दहाही बोटं चिकानं चिकटली होती. पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही. त्या साहेबाच्या मानेवर तो चीक उतरेल, त्याच्या कॉलरला काळे डाग पडतील आणि ते कधी निघणार नाहीत, हाच विचार मी करत होते. आईनं हार हातात घेऊन पाहिला, एक गाठ ओढून पाहिली आणि परत दिला.

साठ-सत्तर माणसं असू आम्ही. बायका पुढं, प्रत्येकीच्या हातात नळाच्या पाण्याची बाटली. माझ्याही हातात आमच्या नळाची, न गाळलेली. रुखमाकाकूंनी त्या दिवशी इतवारीचं काम बुडवलं होतं. ऑफिसात आम्ही जिना चढून वर गेलो तेव्हा पंखे घरघरत होते आणि चहाचा नि जुन्या कागदांचा वास येत होता. बाबांचा डबा द्यायला मी तिथं पूर्वी गेले होते. साहेबाच्या खोलीला झुलती अर्धी दारं होती, त्यातून माणसाचं डोकं दिसत नसे पण खालून पाय दिसत. वामनभाऊंनी आवाज दिला, "साहेबाले बाहीर बलवा! पाणी पाजाचं आहे त्याले!" दारं हलली आणि बाबा बाहेर आले. त्यांनी मागं वळून दोन्ही दारं एकमेकांवर नीट बसवली, दारावरची हलणारी नावाची पाटी हातानं थांबवली, आणि हात जोडले.

"साहेब मीटिंगले गेले," ते म्हणाले. "काय असन ते मले सांगा."

मी दाराच्या खाली पाहत होते. तिथं दोन तपकिरी बूट होते, चकचकीत. उजवा बूट टाच टेकवून वरखाली हलत होता. मला दिसत होता तर वामनभाऊंनाही दिसत असणार. ते बाबांच्या जवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "काहून गा बाबूजी? तुमीच तं सांगतलं न, अकराले या म्हणून?"

"सांगतलं असन. आता नाही साहेब."

पेपरवाला कॅमेरा काढून उभा होता. तो म्हणाला, "लवकर करा न भाऊ, मले अजून दोन ठिकाणी जाचं आहे." वामनभाऊंच्या हातात हार होता. मागची माणसं ओरडत होती, मागच्यांना दार दिसत नव्हतं, त्यांना फक्त एक पांढऱ्या शर्टाचा सरकारी माणूस दिसत होता. बाबांनी मान खाली केली. देवळात तीर्थ घ्यायला करतात तितकीच. "घाला," ते म्हणाले, "साहेबाचं काम मीच पाहतो." वामनभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हार घातला. फोटो निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुलं सगळी ताजी होती, लाल काठाच्या चिंध्या शर्टावर ओळीनं दिसत होत्या. बाबांनी त्यातली एक बोटात धरून पाहिली आणि सोडून दिली.

कोणीतरी मागून ओरडलं, "पाणी पाजा! पाणी पाजा त्याले!" तेव्हा बाबांनी हात पुढं केला आणि समोर जी बाटली होती ती घेतली. ती माझी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बूच काढलं, तोंडाला लावली आणि तीन घोट प्यायले. मला त्यांचा गळा वरखाली होताना दिसला आणि मला त्या फडक्यावरचे लाल किडे दिसले. बाबांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, पेपरवाल्याकडे वळून म्हणाले, "पाणी ठीक आहे. पाइपलाइनचं काम चालू आहे म्हणून थोडं गढूळ येते. पिऊन दाखवलं तुम्हाले." पाइपलाइनचं काम कुठंही चालू नव्हतं. दाराखालचा बूट हलायचा थांबला. त्यानंतर कोणाला काय करावं ते सुचेना. ज्याच्यावर ओरडायचं तो आपलाच माणूस, त्यानं हार घालून घेतलेला, पाणीही पिऊन दाखवलेलं. हळूहळू लोक जिना उतरले. रुखमाकाकूंनी हातातली बाटली जिन्याच्या कोपऱ्यात, पानाच्या पिचकाऱ्यांशेजारी, अलगद ठेवून दिली.

त्या संध्याकाळी बाबा नेहमीच्या वेळी आले. आईनं पाट मांडला. बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला होता, बाबांना आवडायचा. मी वाढायला उभी राहिले नाही, भिंतीशी बसून राहिले. बाबांनी वरून तेल घेतलं, भात कालवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "बांधणी लय पक्की होती वं सुमे. जिना उतरेपर्यंत एक फूल गळलं नाही." ते थट्टेनं म्हणाले नव्हते. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. त्या क्षणी मला माझ्या बापाची जितकी किळस आली तितकी नाल्याची कधी आली नव्हती.

"काहून पेलं तुम्ही ते पाणी?" मी विचारलं. "साहेब आत होता. मी बूट पाहिले त्याचे."

"सगळ्याइनंच पाहिले," बाबा म्हणाले. "हार साहेबाच्या गळ्यात पडला असता तर त्याची बदली झाली असती. दुसरा आला असता. आपलं क्वार्टरचं कागद नऊ वर्षं झाले फिरून राहिलं, ते आता कुठं याच्या सहीपाशी आलं. तिथं दिवसभर पाणी आहे, फिल्टरचं." मग त्यांनी आतल्या खोलीत निजलेल्या छोटीकडे बोट केलं. "तिले चांगलं पाणी पाह्यजे का नाही, तू सांग."

मी आईकडे पाहिलं. आई ताकाचं भांडं पुढं करत होती. तिला आधीच माहीत होतं का, हे मी तिला पुढं कधीच विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. पुढचे तीन दिवस बाबा रजेवर होते. डबा घेऊन ते सारखे कुंपणाआड जात होते. मला मनातून बरं वाटलं हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटलं.

पेपरात फोटो आला. खाली ओळ होती, कर्मचाऱ्याने पाणी पिऊन दाखवले. वामनभाऊंनी दुकानात कधी तो विषय काढला नाही, बाबा दिसले की सायकलचं चाक फिरवून आरे तपासायला लागायचे. पाइप तसाच राहिला. पिऊन दाखवलेल्या पाण्याविरुद्ध पुन्हा मोर्चा कोण नेणार? महिन्याच्या आत क्वार्टरची ऑर्डर आली. छोटी तोवर उठून बसायला लागली होती. वस्तीतल्या कोणी आम्हाला टोचून बोललं असतं तर मला सोपं गेलं असतं. कोणी बोललं नाही. सामान चढवायला वामनभाऊंच्या दुकानातली दोन पोरंही आली, पलंग त्यांनीच उचलला.

ट्रक निघायच्या वेळी रुखमाकाकू आल्या. हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेली एक मोळी होती. आमच्याकडे कोणी नव्या घरी जायला निघालं की शेजारीण काहीतरी लावायला देते, अळूचे कंद, गवती चहा, मोगऱ्याची फांदी. काकूंनी मोळी आईच्या हातात दिली. बेशरमाच्या काड्या होत्या, हात-हातभर कापलेल्या, आमच्याच कुंपणाच्या.

"नव्या घरी कुंपण लागन न वं बाई," त्या म्हणाल्या. "घेऊन जा. लवकर लागते."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, टोमणा आहे का ते शोधायला. टोमणा नव्हता. त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. पण मला त्यांचे डोळे दिसले. बुबुळाभोवतीचं पांढरं हळदीसारखं झालेलं होतं. छोटीचं झालं होतं तसंच. मी आईकडे पाहिलं, आईनंही ते पाहिलं होतं. तिनं मोळी कडेवर घेतली आणि म्हणाली, "उसाचा रस घेत जा वं काकू. तेलकट खाऊ नका." ट्रक निघाला. काकू कुंपणाशी उभ्या राहून हात हलवत होत्या. पुढं त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. विचारायला मी कधी परत गेले नाही, आणि न जाण्याचं कारण वेळ नव्हता हे नव्हतं.

क्वार्टरला दोन खोल्या, संडास, आणि मागच्या अंगणात नळ. फिरवला की लगेच पाणी, न फुसफुसता, न खोकता. पहिल्याच संध्याकाळी आईनं त्या काड्या नळाच्या पलीकडे ओळीनं तिरप्या खुपसल्या. मी म्हटलं फेकून दे. ती म्हणाली, शेजारणीनं दिलेलं फेकत नसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला मागे गेले तर बाबा तिथं होते. बनियनवर, हातात पितळी लोटी. ते नळाखाली लोटी भरत होते आणि एकेका काडीच्या बुडाशी पाणी घालत होते. सावकाश, एक काडी झाली की दुसरी. बेशरमाला जन्मात कोणी पाणी घातलेलं मी पाहिलं नव्हतं. "त्याले पाणी लागत नाही बाबा," मी म्हटलं. ते वळले नाहीत. "माहीत आहे," म्हणाले, आणि लोटी पुन्हा नळाखाली धरली. त्यानंतर बाबांची बदली होईपर्यंत, सहा वर्षं, मी त्यांना रोज सकाळी हे करताना पाहिलं. एकदाही मी त्यांच्याशी त्याबद्दल बोलले नाही, आणि माझी किळसही गेली नाही.

पण त्या पहिल्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. बाबा आत गेले. मला तहान लागली होती. मी नळ सोडला, चिकाचे काळे डाग अजून नखांत होते त्याच हातांची ओंजळ धरली, आणि पोट भरेपर्यंत प्यायले. पाणी गोड होतं.